सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरची प्रमाणपत्रे : निवडीचा आढावा

सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे संस्थेचे सर्व्हर, त्यांवरील ऑपरेटिंग सिस्टीम, वापरकर्त्यांची खाती, डेटाची साठवण, बॅकअप आणि नेटवर्कची जोडणी चालू व सुरक्षित ठेवणारा तंत्रज्ञ. नवे मशीन उभे करणे, पॅच लावणे, कोणाला कशाची परवानगी असावी हे नीट बसवणे, डिस्क भरत आली की वेळेवर दखल घेणे, आणि सर्व्हर बंद पडला तर तो उठवून बंद पडण्याचे कारण शोधणे हे त्याचे रोजचे काम. काम बिनबोभाट चालले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. अडले तर सगळी संस्था अडते.

या कामासाठी रूढ अर्थाने वेगळी पदवी नाही. अभियांत्रिकीत किंवा संगणकशास्त्रात ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क हे विषय असतात, पण भर सिद्धान्तावर असतो. चालू सर्व्हरची डिस्क डेटाला धक्का न लावता वाढवणे किंवा शेकडो मशीनना एका रात्रीत पॅच लावणे विद्यापीठाच्या परीक्षेत सहसा येत नाही. दुसरीकडे या व्यवसायात विज्ञान, वाणिज्य, डिप्लोमा, आयटीआय अशा सगळ्या वाटांनी माणसे येतात. समोरच्या उमेदवाराला नेमके काय येते, हे नोकरी देणाऱ्याला कळण्याचे एक साधन म्हणून व्यावसायिक प्रमाणपत्रे पुढे आली. आज त्यांची संख्या इतकी आहे की कोणते घ्यावे हाच स्वतंत्र प्रश्न झाला आहे. त्याचे उत्तर सर्वांसाठी एक नसले तरी एक कसोटी बहुतेक वेळा उपयोगी पडते: ज्या परीक्षेची तयारी करताना प्रत्यक्ष काम शिकावे लागते, ती परीक्षा द्यावी. प्रमाणपत्राची मुदत संपते, त्याचे नावही बदलते. तयारीत हाताला लागलेले काम मात्र पुढच्या प्रत्येक नोकरीत साथ देते.

प्रमाणपत्रांची वाटचाल

या क्षेत्रातील पहिले मोठे नाव नॉव्हेल कंपनीचे. १९८०च्या दशकात कार्यालयांमधील फाइल सर्व्हर आणि प्रिंटर जोडण्यासाठी तिची नेटवेअर ही प्रणाली सर्वत्र वापरली जात होती, पण ती बसवणारे हात कमी होते. म्हणून कंपनीने ‘सर्टिफाइड नेटवेअर इंजिनीअर’ ही पात्रता सुरू केली. सिस्कोने १९९३ मध्ये सीसीआयई ही नेटवर्क क्षेत्रातील अत्यंत कठीण परीक्षा आणली. तिच्यात उमेदवाराला प्रत्यक्ष उपकरणांवर काम करून दाखवावे लागे. त्याच वर्षी अमेरिकेतील कॉम्पटिया या संघटनेने संगणक दुरुस्ती आणि देखभालीसाठी ‘ए प्लस’ ही परीक्षा सुरू केली.

मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई या पात्रतेने प्रमाणपत्रांचा हा प्रकार खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचवला. विंडोज एनटी ४.० साठी सहा आणि विंडोज २००० साठी सात परीक्षा द्याव्या लागत. याच सुमारास भारतातील शहरांमध्ये हार्डवेअर-नेटवर्किंगचे क्लास पसरले आणि एमसीएसई हे नाव त्यांच्या पाट्यांवर झळकू लागले. मागणीबरोबर दोषही आला. पर्याय निवडण्याच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून पास होणाऱ्यांची संख्या वाढली. कधी सर्व्हरला हातही न लावलेले ‘कागदी एमसीएसई’ मुलाखतीला येऊ लागले आणि प्रमाणपत्राचा भाव घसरला. ज्यांनी खरोखर मेहनत घेतली होती त्यांनाही त्याची झळ बसली.

लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीने १९९९ मध्ये आणलेली आरएचसीई ही परीक्षा वेगळ्या वाटेने गेली. तिच्यात उमेदवारासमोर चालू मशीन ठेवले जाते, कामे दिली जातात आणि शेवटी मशीन कोणत्या अवस्थेत आहे ते तपासले जाते. त्याच वर्षी कॅनडात लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. कोणत्याही एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नसलेली परीक्षा घेणे हा तिचा हेतू होता. ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाने २०१३ मध्ये आपला प्रमाणपत्र कार्यक्रम सुरू केला, आणि २०१७ मध्ये कुबरनेटिस ही कंटेनर सांभाळणारी प्रणाली चालवणाऱ्यांसाठी सीकेए ही परीक्षा आली.

या वाटचालीत नावे जन्मली तशी मावळलीही. नेटवेअर बाजारातून गेले, तेव्हा त्याच्या प्रमाणपत्रालाही विचारणारे कोणी उरले नाही. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर आणि बाजार लिनक्सकडे वळल्यावर सनच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रमाणपत्रांचे महत्त्व ओसरले. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ३१ जानेवारी २०२१ रोजी कायमची बंद केली. व्हर्च्युअलायझेशनची कंपनी व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली आणि परवान्यांची रचना बदलली. तेव्हापासून अनेक संस्था पर्यायी व्हर्च्युअलायझेशनचा विचार करत आहेत. उत्पादनाशी जोडलेले प्रमाणपत्र त्या उत्पादनाच्या बाजाराइतकेच टिकते, ही गोष्ट निवड करताना ध्यानात ठेवावी लागते.

प्रकार आणि परीक्षेचे स्वरूप

प्रमाणपत्रांचे तीन ढोबळ गट पडतात. पहिला गट उत्पादक कंपन्यांचा: मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट, सिस्को, ॲमेझॉन, गुगल. दुसरा कोणत्याही कंपनीला न बांधलेल्या संस्थांचा: कॉम्पटिया, लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट, लिनक्स फाउंडेशन. तिसरा गट कामाच्या पद्धतीचा. आयटीआयएल हे त्याचे ठळक उदाहरण.

उमेदवाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक परीक्षेच्या स्वरूपात आहे. काही परीक्षांत पर्यायांतून उत्तर निवडायचे असते, काहींत प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवायचे असते. बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा वाईट नसते. विषयाचा विस्तार मोठा असेल तर तो झाडून तपासण्याचे ते सोयीचे साधन आहे, आणि संकल्पना पक्क्या नसतील तर तिथेही अडखळायला होते. पण ‘हे काम कोणती कमांड करते’ हे ओळखणे आणि ते काम स्वतः पार पाडणे यांत मोठे अंतर आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत पाठांतराला फारसा वाव नसतो, म्हणून मुलाखत घेणारे अनुभवी लोक तिला अधिक वजन देतात.

लिनक्सची वाट

जगातील बहुतेक वेब सर्व्हर आणि क्लाउडमधील मशीनचा मोठा हिस्सा लिनक्सवर चालतो. त्यामुळे ही वाट बहुतेकांसाठी सर्वांत फलदायी ठरते. तिच्यावर तीन मुख्य पर्याय आहेत.

आरएचसीएसए ही रेड हॅटची पायाभूत परीक्षा. ती सुमारे तीन तासांची असते. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उमेदवार उत्तीर्ण होतो. वापरकर्ते आणि गट तयार करणे, फाइलींच्या परवानग्या, डिस्कचे विभाग आणि एलव्हीएम, फायरवॉल, एसई-लिनक्स, सेवा चालू-बंद करणे, रूटचा पासवर्ड हरवलेल्या मशीनमध्ये बूट प्रक्रिया थांबवून शिरणे अशी कामे त्यात येतात. इंटरनेट वापरता येत नाही. मशीनवरची मॅन पाने मात्र वाचता येतात. केलेला बदल मशीन रीबूट झाल्यावरही टिकला पाहिजे, हा या परीक्षेतील कळीचा नियम आहे. खऱ्या नोकरीतही हाच नियम लागू असतो. कोणीतरी तात्पुरती दुरुस्ती केलेली असते आणि सहा महिन्यांनी सर्व्हर रीबूट झाल्यावर सेवा उठत नाही, हा अनुभव प्रत्येक डेटा सेंटरमध्ये सापडतो. या परीक्षेची तयारी तशा चुकीची सवय मोडते.

आरएचसीएसएनंतर आरएचसीई येते. रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून तिचा अभ्यासक्रम अन्सिबल या ऑटोमेशन साधनाभोवती बांधलेला आहे. एकेका मशीनवर हाताने काम करण्याऐवजी शेकडो मशीनची अपेक्षित अवस्था एका प्लेबुकमध्ये लिहून ठेवणे, असे कामाचे नवे स्वरूप त्यात दिसते. दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची असते.

एलपीआयसी-१ साठी १०१ आणि १०२ अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटे. लिनक्सच्या रेड हॅट आणि डेबियन या दोन्ही घराण्यांतील पॅकेज व्यवस्था तिच्यात येतात, त्यामुळे अभ्यास व्यापक होतो. तिची मुदत पाच वर्षांची आहे. ती प्रात्यक्षिक नसल्याने हाताचा सराव स्वतःहून करावा लागतो. लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस ही २०१४ मध्ये सुरू झालेली परीक्षा मात्र पूर्ण प्रात्यक्षिक आहे, दोन तासांची आहे आणि घरून ऑनलाइन देता येते. भारतात नोकरीच्या जाहिरातींमध्ये रेड हॅटचे नाव अधिक ओळखीचे आहे. रेड हॅटचे पुण्यातही मोठे कार्यालय आहे. युरोपात एलपीआयसीची ओळख तुलनेने जास्त आहे.

मायक्रोसॉफ्टची वाट

कारखाने, सहकारी बँका, रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि मध्यम आकाराच्या कंपन्यांत ॲक्टिव्ह डिरेक्टरी, ग्रुप पॉलिसी, फाइल शेअर आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ हेच वातावरण बहुधा असते. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी ही वाट नैसर्गिक आहे. एमसीएसई संपल्यावर मायक्रोसॉफ्टने भूमिकेनुसार प्रमाणपत्रे आणली. एझेड-१०४ ही अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा त्यांतील सर्वांत ओळखीची; ओळख आणि परवानग्या, साठवण, व्हर्च्युअल मशीन, नेटवर्क आणि देखरेख हे तिचे मुख्य भाग. संस्थेच्या आवारातील विंडोज सर्व्हर आणि क्लाउड दोन्ही सांभाळणाऱ्यांसाठी एझेड-८०० आणि एझेड-८०१ या दोन परीक्षांचे प्रमाणपत्र आखले गेले. लॅपटॉप-डेस्कटॉपच्या ताफ्याची जबाबदारी असलेल्यांसाठी एमडी-१०२ आहे.

भूमिकेनुसार असलेल्या या प्रमाणपत्रांची मुदत एक वर्षाची असते, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत आहे. मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत ते करता येते. वर्षातून एकदा थोडा अभ्यास ताजा करण्याची सवय यातून लागते. एझेड-९०० सारख्या प्राथमिक परीक्षा संपत नाहीत. त्या ओळख करून देण्यापुरत्या चांगल्या, पण केवळ त्यांच्या बळावर ॲडमिनिस्ट्रेटरची नोकरी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

नेटवर्कचा पाया

सर्व्हर सांभाळणाऱ्याला राउटर-स्विचचा तज्ज्ञ व्हावे लागत नाही, पण आयपी पत्ते, सबनेट, डीएनएस, डीएचसीपी, रूटिंग आणि व्हीलॅन समजल्याशिवाय त्याचे पान हलत नाही. ‘सर्व्हर चालत नाही’ अशी तक्रार आलेली असते, आणि प्रत्यक्षात डीएनएसची एक नोंद चुकलेली असते. सिस्कोची सीसीएनए ही १९९८ पासून चालत आलेली परीक्षा हा पाया घालते. फेब्रुवारी २०२० पासून ती एकाच परीक्षेत घेतली जाते. वेळ १२० मिनिटे, मुदत तीन वर्षे, शुल्क ३०० डॉलर. ज्यांचा कल नेटवर्ककडे नाही त्यांनी परीक्षा दिली नाही तरी चालेल, पण तिचा अभ्यासक्रम वाचून सबनेटिंगचा हिशेब हातात बसेपर्यंत सराव करावा. कॉम्पटियाची नेटवर्क प्लस हा याच विषयाचा कंपनी-निरपेक्ष पर्याय आहे.

क्लाउड आणि कंटेनर

ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये हैदराबादची भर पडली. डेटा देशात ठेवण्याची सोय झाल्यावर बँका, विमा कंपन्या आणि सरकारी प्रकल्पांनाही क्लाउडकडे वळणे सुकर झाले. ॲमेझॉनच्या असोसिएट पातळीवरील परीक्षांचे शुल्क १५० डॉलर अधिक कर असते आणि मुदत तीन वर्षांची. यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी खास असलेली परीक्षा बरीच वर्षे ‘सिसऑप्स ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाने ओळखली जात होती. २०२५ मध्ये तिचे नाव ‘क्लाउडऑप्स इंजिनीअर’ झाले. या बदललेल्या नावातून पदाचे स्वरूप कुठे सरकते आहे ते दिसते. ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट’ ही परीक्षा अधिक लोकप्रिय आहे, पण तिचा भर रचनेवर असतो, रोजच्या देखभालीवर कमी.

सीकेए ही कुबरनेटिस ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा दोन तासांची आणि संपूर्ण प्रात्यक्षिक आहे. कुबरनेटिसची अधिकृत कागदपत्रे परीक्षेत उघडता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६६ टक्के लागतात. एप्रिल २०२४ पासून तिची मुदत तीनऐवजी दोन वर्षांची झाली. लिनक्सची कमांड लाइन, नेटवर्क आणि कंटेनर यांचा पाया नसेल तर ही परीक्षा आधी देण्यात अर्थ नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतला सर्व्हरच असतो; परवानगी, साठवण, जोडणी आणि बॅकअप यांचे नियम तिथेही तेच राहतात. म्हणून आधी एक ऑपरेटिंग सिस्टीम खोलवर शिकून मग क्लाउडकडे जाणाऱ्यांची प्रगती वेगाने होते.

सुरक्षा आणि कामाची पद्धत

कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस ही सुरक्षेची पहिली परीक्षा म्हणून ओळखली जाते: जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटे, ९०० पैकी ७५० गुण. अमेरिकेत तिला विशेष मागणी आहे, कारण तेथील संरक्षण खात्याने २००५ पासून माहिती-सुरक्षेच्या पदांसाठी ठरावीक प्रमाणपत्रे सक्तीची केली आणि त्यांत हिचा समावेश होता. भारतातील खासगी कंपन्यांना असे बंधन नाही. म्हणून अमेरिकी याद्यांमधील तिचे वरचे स्थान पाहून पुण्या-नागपुरात तेवढीच मागणी असेल असे धरून चालू नये. विषयाचे महत्त्व मात्र इथेही तेवढेच आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते, यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळे ठरवून दिलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवलेली ठेवावी लागतात. ही तिन्ही कामे शेवटी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरच्याच टेबलावर येतात.

आयटीआयएल फाउंडेशन ही ४० प्रश्नांची, एका तासाची परीक्षा आहे. २६ उत्तरे बरोबर यावी लागतात. टिकिट कसे हाताळावे, घटना आणि तिचे मूळ कारण यांत फरक कसा करावा, चालू यंत्रणेत बदल करण्यापूर्वी मंजुरी का घ्यावी, याची परिभाषा ती शिकवते. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत एल-१ या सपोर्टच्या पहिल्या पातळीवरून एल-२ आणि पुढे टीम लीडकडे जाणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. तांत्रिक कौशल्य ती शिकवत नाही, म्हणून फ्रेशरने पहिला खर्च तिच्यावर करू नये.

देशातील अभ्यासक्रम

खासगी प्रमाणपत्रांच्या जोडीला सरकारी आणि निमसरकारी वाटा आहेत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टीम्स आणि सिक्युरिटी या विषयाचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा चालवते. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो. लिनक्स, विंडोज, नेटवर्क आणि सुरक्षा यांची सलग प्रात्यक्षिक घडण आणि अखेरीस नोकरीसाठी मुलाखतींची सोय यांमुळे अभियांत्रिकी पदवीधरांसाठी ही वाट चांगली आहे. शुल्क आणि सहा महिन्यांचा वेळ यांची तयारी मात्र हवी.

नायलिट, म्हणजे पूर्वीची डीओईएसीसी संस्था, ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा पातळ्यांचे अभ्यासक्रम चालवते. अनेक सरकारी पदांच्या जाहिरातींत त्यांचा उल्लेख असतो. आयटीआयमधील कोपा हा एक वर्षाचा, तर इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टीम मेंटेनन्स हा दोन वर्षांचा ट्रेड. दुसरा या व्यवसायाला अधिक जवळचा आहे. महाराष्ट्रात २००१ पासून लाखो लोकांनी केलेला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. राज्य शासनाच्या नोकरीत त्याची गरज पडते, पण सर्व्हर सांभाळण्याची पात्रता म्हणून तो धरला जात नाही.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी म्हणजे आसपासचे काम. ज्या शहरात आणि ज्या प्रकारच्या संस्थेत नोकरी करायची आहे, तिथल्या वीस-पंचवीस जाहिराती वाचून कोणती साधने पुन्हा पुन्हा येतात याची नोंद करावी. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटर, हिंजवडीतील सेवा कंपनी आणि छत्रपती संभाजीनगर-वाळूजच्या पट्ट्यातील कारखाना यांच्या गरजा वेगळ्या असतात.

दुसरी कसोटी म्हणजे नोकरी देणाऱ्याला प्रमाणपत्राची किती गरज आहे. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट किंवा ॲमेझॉनच्या भागीदार असलेल्या सेवा कंपन्यांना आपला दर्जा टिकवण्यासाठी प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात. तिथे प्रमाणपत्राला थेट किंमत असते आणि परीक्षेचे शुल्कही अनेकदा कंपनी देते. स्वतःचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपन्या त्याऐवजी गिटवरचे काम आणि प्रत्यक्ष चाचणी पाहतात.

तिसरी कसोटी मुदत आणि नूतनीकरणाचा खर्च. आज परवडणारी परीक्षा दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा देणे परवडेल का, हे आधीच पाहावे. कॉम्पटियाची बहुतेक प्रमुख प्रमाणपत्रे तीन वर्षांची असतात आणि प्रशिक्षणाचे गुण जमवून वाढवता येतात. रेड हॅटची वरची परीक्षा दिली की खालच्या प्रमाणपत्राची मुदतही पुढे जाते. चौथी कसोटी उत्पादनाचे भवितव्य: ज्याचे ग्राहक कमी होत आहेत त्यावर नव्याने पैसे घालू नयेत. अपवाद एकच, ती यंत्रणा सध्याच्या नोकरीतच सांभाळायची असेल तर.

या कसोट्या लावल्या की वेगवेगळ्या परिस्थितींतील वाटा स्पष्ट होतात. आयटीआय किंवा डिप्लोमानंतर डेस्कटॉप सपोर्ट किंवा फील्ड इंजिनीअर म्हणून सुरुवात करणाऱ्याने ए प्लसचा अभ्यासक्रम वाचून काढावा, नेटवर्कचा पाया पक्का करावा आणि पहिला मोठा खर्च आरएचसीएसए किंवा एझेड-१०४ यांपैकी एकावर करावा. अभियांत्रिकीच्या पदवीधराने आरएचसीएसएपासून सुरुवात करून वर्षभरात एका क्लाउडची जोड द्यावी. तीन-चार वर्षे एल-१ मध्ये टिकिटे बंद करत असलेल्याला बढतीसाठी बहुतेकदा ऑटोमेशनची उणीव भासते. त्याला आरएचसीई, निदान अन्सिबल आणि पॉवरशेल यांचा गंभीर अभ्यास सर्वाधिक लाभ देतो. दहा वर्षे सर्व्हर सांभाळलेल्या व्यक्तीला प्राथमिक परीक्षांची गरज नाही; सीकेए किंवा क्लाउडची वरच्या पातळीची परीक्षा तिच्या अनुभवाला आजच्या बाजाराच्या भाषेत मांडते. एकाच पातळीची पाच-सहा प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एका वाटेवर दोन पायऱ्या चढणे केव्हाही चांगले.

तयारी

या व्यवसायाची तयारी महाग असावी लागत नाही. १६ जीबी रॅमचा जुना संगणक, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम आणि तीन-चार व्हर्च्युअल मशीन एवढ्यावर आरएचसीएसएचा संपूर्ण सराव होतो. रेड हॅट २०२१ पासून व्यक्तींना मोफत डेव्हलपर सदस्यत्वावर १६ मशीनपर्यंत आपली प्रणाली वापरू देते. रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स तर पूर्ण मोफत आहेत. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरच्या चाचणी प्रती देते आणि तिचे लर्न हे अभ्याससाहित्यही विनामूल्य आहे. क्लाउडवर सराव करताना खर्चाची मर्यादा लावून ठेवावी आणि काम झाले की मशीन बंद करावीत, नाहीतर महिनाअखेरीस मोठे बिल येते.

सरावात मुद्दाम बिघाड करणे आणि ते निस्तरणे हा सर्वांत उपयोगी भाग. एफएसटॅब फाइलमध्ये चूक करून मशीन बूट होऊ न देणे आणि मग ते उठवणे, डिस्क पूर्ण भरणे, डीएनएस चुकीचा देणे, बॅकअप घेऊन तो प्रत्यक्ष परत बसवून पाहणे. केलेले प्रत्येक काम साध्या भाषेत लिहून ठेवावे. अशी वही पुढे मुलाखतीतही कामाला येते. परीक्षा इंग्रजीत असली तरी विषय मराठीत समजून घेण्याने समज पक्की होते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी भाषेच्या धास्तीने ही वाट सोडण्याचे कारण नाही, कारण कमांडची भाषा सर्वांनाच नव्याने शिकावी लागते.

परीक्षेतील चोरलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना बाजारात डम्प म्हणतात, त्यांपासून दूर राहावे. प्रत्येक परीक्षेपूर्वी उमेदवार गोपनीयतेचा करार मान्य करतो; तो मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. त्याहून मोठे नुकसान नोकरीत होते, कारण चुकीच्या डिस्कवर चाललेली एक कमांड बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटा पुसू शकते. ‘शंभर टक्के पास’ किंवा ‘परीक्षा आम्ही देतो’ असे सांगणारा क्लास या व्यवसायाशी आणि विद्यार्थ्याशीही अप्रामाणिक असतो. क्लास निवडताना स्वतंत्र लॅब किती तास मिळते, शिकवणाऱ्याने प्रत्यक्ष सर्व्हर सांभाळले आहेत का, आणि शुल्कात परीक्षेचे व्हाउचर आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. घरून ऑनलाइन परीक्षा द्यायची तर वीज आणि इंटरनेट यांची खात्री हवी. ती नसेल तर जवळच्या मोठ्या शहरातील केंद्र गाठणे श्रेयस्कर. नोंदणीतील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे.

प्रमाणपत्राच्या मर्यादा

प्रमाणपत्राने बायोडेटा पहिल्या चाळणीतून पुढे जातो. नोकरी मुलाखतीत आणि प्रत्यक्ष चाचणीत मिळते. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावर डोके शांत ठेवणे, आपण केलेला बदल प्रामाणिकपणे सांगणे, न समजणाऱ्या वापरकर्त्याशी संयमाने बोलणे, कागदपत्रे अद्ययावत ठेवणे, आणि हाती असलेल्या सर्वाधिकारांचा गैरवापर न करणे हे गुण कोणतीही परीक्षा पुरते मोजत नाही. संस्थेची सगळी गुपिते ज्याच्या हाती असतात त्याच्याकडून कौशल्याइतकीच सचोटी अपेक्षित असते. पगारही प्रमाणपत्रांच्या संख्येने वाढत नाही. पेलता येणाऱ्या जबाबदारीने वाढतो.

तरीही या परीक्षांचे मोल मोठे आहे. मोठ्या महाविद्यालयाचे नाव, ओळखीपाळखी किंवा शहरी पार्श्वभूमी पाठीशी नसलेल्या विद्यार्थ्याला जगभर एकाच मापाने मोजली जाणारी कसोटी त्या उपलब्ध करून देतात. सोलापूर, गडचिरोली किंवा फोंड्यातील उमेदवारासमोर तेच मशीन येते जे बर्लिन किंवा टोरांटोतील उमेदवारासमोर येते, आणि गुण देणारी तपासणी त्याचे आडनाव किंवा उच्चार पाहत नाही. कामाशी जुळणारी एक परीक्षा निवडून, प्रामाणिक सरावाने ती पार करून आणि शिकलेले रोजच्या कामात उतरवून या संधीचा पुरेपूर लाभ घेता येतो.